करवंटीखालची आठळी

अगो, ये इथे आजीजवळ चुलीपाशी, आणि ते बीजगणिताचं पुस्तक आदळणं आधी थांबव; त्याने काय घोडं मारलंय तुझं? फणसाच्या आठळ्या निखाऱ्यावर भाजायला घातल्या की त्या वासाने मला आमची शाळा आठवते. मी नऊ वर्षांची होते, आई चैत्रात गेलेली, आणि धाकट्या दोघांना सांभाळायला कोणी नाही म्हणून आबा मला शाळेतून काढायला आले होते. ते दारातच थांबले, कारण मास्तरांनी सारवलेल्या जमिनीवर एक करवंटी पालथी घातली होती आणि शेजारी तीन आठळ्या मांडल्या होत्या. "एकूण आठ आहेत. करवंटी न उचलता सांगा, आत किती?" मी म्हटलं, "पाच." मास्तरांनी करवंटी उचलली, तर खाली चारच! पोरं खिदळली. "चल बाय, झालं तुझं शिक्षण," आबा म्हणाले. मी उठले नाही. "मास्तर, आठ तुम्हीच म्हणालात ना? मग पाचवी असलीच पाहिजे." त्यांनी करवंटी उलटून बघितली, पाचवी आठळी चिकाने आत चिकटून बसली होती. आबा पायरीवर टेकले, उपरण्याने डोळे पुसले, आणि तरीही मला घरी घेऊन गेले. दुसरा इलाजच नव्हता त्यांना. पुढे धाकट्या भावाच्या पुस्तकांतून जेवढं उमगलं तेवढं शिकले मी. तुझ्या पुस्तकातला तो क्ष बघितला ना, की मला अजून ती करवंटीच दिसते. उद्या मुंबईला जाशील, पण लवकर परत ये गो, आणि हे पुस्तक घेऊन ये; माझे पुढचे धडे राहिलेत.