तांदळात लिहिलेलं नाव

तुमच्या आईनं, माझ्या लेकीनं, परदेशातून फोन करून आपल्या ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा तीन महिने हातात होते. मी कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केला आणि कपाटातून पासपोर्ट काढला. तो ऑपरेशनच्या महिनाभर आधीच संपत होता. व्हिसा मात्र अजून चार वर्षं चालणार होता, त्याच पासपोर्टच्या आतल्या पानावर चिकटवलेला.

मी घाबरले नाही. कागदांच्या बाबतीत मी कधी गबाळी नव्हते. शाळेत इंग्रजी शिकवलं तेवढी वर्षं माझ्या हजेरीपटावर खाडाखोड नव्हती. फॉर्म भरला, वेळ घेतली, आणि ठरल्या दिवशी अर्धा तास आधी नाशिकरोडच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन बसले.

काउंटरवरच्या मुलीनं माझे कागद दोनदा उलटून पाहिले.

"आजी, पासपोर्टवर एक नाव आहे आणि आधारवर दुसरंच. या दोघी कोण?"

"दोन्ही मीच."

"ते तुम्ही म्हणता. कागद तसं म्हणत नाहीत."

ती उद्धट नव्हती. उलट तिनं मला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. पण तिचं बरोबर होतं हे मला तिथेच कळलं.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं, कारण तुमच्याकडे असं काही नसतं. आमच्यात लग्नात मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पहिलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माझं नवं नाव तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, निवडलं होतं. आजोबांनी ते लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, आणि त्या घटकेपासून सासरी मला माहेरच्या नावानं कोणी हाक मारली नाही.

पण माझी पदवी माहेरच्या नावाची. नोकरी त्या पदवीवर लागली, म्हणून पगार, पेन्शन, पुढे पासपोर्ट, सगळं माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव असं. रेशनकार्ड, मतदारयादी, गॅस हे घरचे कागद सासरच्या नावाचे. मला यात काही वावगं वाटलं नाही. एक नाव शाळेचं, एक घरचं. माझ्या वयाच्या कितीतरी बायका अशाच जगल्या.

आधारच्या वेळी मात्र मला एकच नाव सांगायचं होतं. पालिकेच्या शाळेत शिबिर होतं. सासूबाई माझ्या पुढे, खुर्चीवर. त्यांचं झालं आणि यंत्रावरच्या माणसानं मला नाव विचारलं. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर मी माझं माहेरचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. भर रांगेत ते उच्चारणं मला जमलं नाही. त्यांना ठाऊक असलेलं नाव मी सांगितलं. तेव्हा ती साधी गोष्ट वाटली होती.

काउंटरवरच्या मुलीनं दोन वाटा सांगितल्या. पासपोर्ट आधारप्रमाणे करायचा, किंवा आधार पासपोर्टप्रमाणे. पहिली वाट सोपी होती. पण व्हिसा जुन्या नावाचा, आणि नव्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख कित्येक महिने मिळत नव्हती. म्हणजे दुसरीच. त्यासाठी ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं सरकारी राजपत्रात छापून यायला हवं होतं.

कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आधी विवाह नोंदणीचा दाखला मागितला. तो नव्हताच. आमच्या वेळी मांडवात जेवून गेलेली माणसं हीच नोंदणी.

"मग सासरचं कोणीतरी शपथपत्र देऊ दे," त्या म्हणाल्या. "लग्नाला हजर असलेलं. नाव बदलताना डोळ्यांनी पाहिलेलं. आहे कोणी?"

मी मनातल्या मनात मोजलं. सासरे, सासूबाई, दीर, जाऊ, तुमचे आजोबा. कोणी उरलं नव्हतं. फक्त आक्का होत्या, घोटीला.

खरी भीती मला तेव्हा वाटली.

आक्कांनी आमच्या घरी येणं कधीच सोडलं होतं. आईच्या आणि भावाच्या दहाव्याला तेवढ्या आल्या, पाणीही न पिता गेल्या. कारण कोणी बोलत नसे, पण मला ते माहीत होतं. सासरे वारल्यावर तुमचे आजोबा आक्कांना तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले होते आणि त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. बापाच्या जमिनीतला वाटा बहिणीनं भावांना सोडून देण्याचा तो कागद. आमच्या भागात तो रिवाजच. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, आणि माहेर उघडं राहतं असं समजतात. त्या दिवशी मी घरी पुरण वाटत होते. कागदात काय लिहिलंय हे मी विचारलं नाही. इंग्रजी, मराठी दोन्ही वाचता येणारी त्या घरात मी एकटीच बाई होते, आणि मी विचारलं नाही.

शपथपत्र तयार करून घेतलं, शब्द न् शब्द तपासला, आणि बसनं घोटीला गेले.

आक्कांच्या मुलाची भातगिरणी आहे. दुपारी ती बंद होती, पण ओट्यावर कोंडा उडून बसलेला होता. आक्का बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. ऐंशी कधीच ओलांडली, नजर मात्र जशीच्या तशी.

"ये वहिनी. फाइल दिसतीय हातात, म्हंजे नुसती भेटाया नाय आली."

मी बाजेच्या कडेला टेकले. मग ऑपरेशनचं सांगितलं.

"पोरीचं काय कापणार हायेत?"

मी सांगितलं. त्यांनी लसणाची सालं झटकली आणि तोंडाला पदर लावला. "एवढीशी व्हती. माझ्या मांडीवर झोपायची. तिकडं तिच्याजवळ कोण हाय?"

"जावई आहेत, पण दोन्ही पोरं लहान. मी गेले तर..."

"तर जा की. इथं काय करतीस?"

मी कागद काढला. त्यांनी वरचा शिक्का पाहिला, आणि त्यांचा हात पदराखाली गेला.

"स्टँपाचा कागद हाय ह्यो."

"हो आक्का. तुम्ही फक्त..."

"फक्त!" त्या हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुझा नवरा बी हेच म्हणला व्हता. 'आक्के, फक्त सही.' त्या फक्तात माझ्या बापाचं घर गेलं."

चहा घेऊन आलेली त्यांची नातसून म्हणाली, "आजी, मी वाचून दाखवते ना." तिनं कागद घेतला, दोन ओळी पाहिल्या आणि परत दिला. "इंग्रजीत आहे हो. आणि कोर्टाचं इंग्रजी."

"इंग्रजीत कशाला लिवलंय?" आक्कांनी मला विचारलं. "मला समजू नये म्हणून?"

मी त्या शपथपत्रातला एकेक स्वल्पविराम तपासला होता. ज्या बाईनं त्यावर सही करायची तिला ते वाचता येणार नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. चहा तसाच ठेवून मी उठले. आक्कांनी थांब म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी दिवस मोजत होते. राजपत्राचे किती, आधारचे किती, पासपोर्टचे किती. बेरीज कशीही केली तरी हाती चार-पाच दिवसच उरत होते. मनात सारखं येई, की तुमची आई तिकडे शुद्धीवर येईल आणि मी इथे गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये फोन हातात धरून बसलेली असेन.

वकीलबाई म्हणाल्या, मराठीतलं शपथपत्रही चालतं. कोणी मागितलंच नव्हतं, म्हणून त्यांनी नेहमीचा मसुदा दिला होता. नवा कागद साध्या मराठीत करून घेतला आणि चौथ्या दिवशी पुन्हा घोटी गाठली.

या वेळी आक्का वाटच पाहत होत्या. बाजेवर एक पत्र्याची पेटी उघडी होती. त्यांनी तिच्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.

"आधी ह्यो वाच. मग तुझा."

ते हक्कसोडपत्र होतं. नक्कल त्यांच्याकडे इतकी वर्षं होती.

"घरात एवढे शिकलेले आहेत, आक्का. कोणाकडून वाचून घेतलं नाहीत?"

"पोरांना वाचाया दिला असता तर पोरं कोर्टात गेली असती. भावावर केस मला घालायची नव्हती. आता भाऊ नाय. तू वाच. गाळू नको काय."

तुम्हाला खरं सांगते, मला गाळावंसं वाटलं. त्यातलं एखादं वाक्य ऐकून त्या उठून आत गेल्या असत्या, तर माझं जाणं तिथेच संपलं असतं. नातसून दारात उभी होती, पण तिला त्या कागदातलं काही ठाऊक नव्हतं. दोन ओळी सोडल्या असत्या तर कोणालाच कळलं नसतं. तरी मी वाचत गेले. गट नंबर वाचले. तुमच्या आजोबांचं नाव वाचलं. पुढे असं होतं, की मी हा हक्क कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने आणि कायमचा सोडत आहे.

"स्वखुशीनं? असं लिवलंय?"

"हो."

"कायमचा?"

"हो आक्का."

"मला सांगितलं व्हतं, सातबाऱ्यावर भावाचं नाव लावायचा अर्ज हाय म्हणून." त्यांनी तो कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा पिशवीत गुंडाळला. "तू त्या दिशी पुरण वाटत व्हतीस. मी जेवले नाय."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

"व्हय. हवं व्हतं."

मला वाटलं, झालं, आता जा म्हणतील. पण त्यांनी माझ्या फाइलकडे बोट केलं. मी माझा कागद वाचला. एक पान होतं. मी यांची नणंद, लग्नात हजर होते, यांचं माहेरचं नाव हे, लग्नात ठेवलेलं नाव हे, दोन्ही नावांची बाई एकच.

"आन् ह्यातलं कंचं नाव राहणार?"

"माहेरचं."

"म्हंजे मी ठिवलेलं पुसणार तू."

"आधारवरून फक्त, आक्का. घरातून नाही."

या वेळी 'फक्त' माझ्याच तोंडून निघालं होतं.

"घरात ते नाव घ्याया हाय कोण आता?" त्या म्हणाल्या. मग नातसुनेला हाक मारून पेन मागितलं. "माझ्या पोरीजवळ जायचंय तुला, म्हणून करते. तुझ्या नवऱ्यासाठी नाय."

त्याच दुपारी नातवाच्या गाडीतून त्या माझ्याबरोबर तालुक्याला आल्या आणि अधिकाऱ्यासमोर सही केली. एकेक अक्षर सुटं काढून, सावकाश. मी शेजारी उभी होते, तरी त्यांनी माझा हात धरला नाही.

पुढचे दिवस मी नीट जेवले नाही. राजपत्रात नोटीस आली. आधार बदलून यायला सांगितल्यापेक्षा आठवडा जास्त लागला. पासपोर्ट केंद्रातली दुसरी फेरी पार पडली. मग एका सकाळी फोन वाजला आणि एका पुरुषी आवाजानं विचारलं, अमुक बाई का? माझंच माहेरचं नाव. पण इतक्या वर्षांत फोनवर कोणी ते घेतलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही, राँग नंबर," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं, तो पासपोर्टच्या पोलीस चौकशीचा होता. परत लावला तर उचलेनात. दुपारभर लावत राहिले. संध्याकाळी हवालदार स्वतः दारात आले. "मॅडम, राँग नंबर तुम्हीच ना?" म्हणाले, आणि हसून सही घेतली. मला हसता आलं नाही.

पासपोर्ट ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी आला.

हे लिहिते आहे तेव्हा बॅगा भरून झाल्या आहेत, विमान परवा आहे. काल तुमच्या आईचा फोन होता. ती दवाखान्याचा फॉर्म भरत होती. "आई, तुझं नाव मी माझ्या पासपोर्टमध्ये आहे तसंच लिहिलंय," म्हणाली. तिच्या पासपोर्टवर आईचं नाव म्हणून आक्कांनी ठेवलेलं नाव आहे. त्या नावाची बाई आता माझ्या पासपोर्टवरही नाही आणि आधारवरही. मी नुसतं बरं म्हटलं. आजारी माणसाला यात कशाला ओढायचं?

राजपत्राचं पान आणि आक्कांच्या सहीची प्रत मी खांद्याच्या पर्समध्ये ठेवली आहे, बॅगेत नाही. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, या मुलीच्या तुम्ही कोण, तर द्यायचं उत्तर इंग्रजीत लिहून पाठ केलं आहे. चार वाक्यं आहेत. तिसरं 'ही दोन्ही नावं माझीच' असं आहे, आणि म्हणून पाहते तेव्हा दरवेळी तिथे थांबून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.