दम्याच्या जाहिरातीतले आजोबा

मद्रासच्या एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकानं एका आजोबांना फसवलं आणि पुढे त्यांच्या नातवालाही फसवलं. दोघांनाही मेल्यावर फसवलं, म्हणजे दारात येऊन भांडायला कुणी उरलं नव्हतं. आजोबांना मी पाहिलेलं नाही. नातू मात्र बरीच वर्षं माझ्या दुकानात येऊन बसत होते, म्हणून हे लिहितो आहे.

"बाटली आधी हलवून घे," हे त्यांचं पालुपद. माझा आवाज चढला की ते बाटली धरल्यासारखी मूठ हवेत हलवायचे, जुन्या औषधांवर तशी सूचना असायची म्हणून, आणि मग हसायचे. माझा आवाज दिवसभर चढलेलाच असतो. मी विट्याकडचा. गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामाला पोरवयात मद्रासला आलो, मालकाशी भांडून बाहेर पडलो, काच कापायला शिकलो आणि टी. नगरात फ्रेमचं दुकान टाकलं. भावात मला हरवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी सांगत असे. मग एके दिवशी तांबरमहून इलेक्ट्रिक ट्रेननं हे तंजावरी मराठी राव आले. नाव सांगत नाही. त्यांना सगळे राव सार म्हणत, मी काका म्हणायचो.

त्या साप्ताहिकानं आपल्याच जुन्या अंकांतल्या जाहिरातींचं कॅलेंडर काढलं होतं. केसांची तेलं, साबण, ताकदीच्या गोळ्या, सगळं इंग्रजांच्या काळातलं. नव्या कॉफीच्या दुकानांना भिंतीवर टांगायला असलं काहीतरी लागतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी पानं कापून फ्रेमा केल्या आणि दारात टांगल्या. एका पानावर दम्याच्या औषधाची जाहिरात होती. वर पगडीवाल्या शाळामास्तरांचं चित्र आणि खाली त्यांचं पत्र: कित्येक वर्षं धाप लागत होती, आपल्या औषधानं मी पूर्ण बरा झालो, ईश्वर आपलं कल्याण करो.

राव त्या फ्रेमसमोर थांबले. भाव विचारला. मी नेहमीसारखा दुप्पट सांगितला. ते "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. पाकीट काढेनात की उठेनात. कुणी गिऱ्हाईक ती फ्रेम निरखायला लागलं की त्याला तमिळमध्ये शांतपणे सांगायचे, हे माझे आजोबा, याच दम्यानं गेले. गिऱ्हाईक साबणाच्या फ्रेमकडे सरकायचं आणि तिथून रस्त्यावर. दुपार कलेपर्यंत मी भाव निम्म्यावर आणला, मग त्याच्याही खाली. शेवटी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, फुकट घ्या, पण जा.

"मला नको पा," ते तमिळ वळणानं म्हणाले. "तू विकू नको, तेवढे पुरे."

फ्रेम उतरवावी लागली. त्यानंतर ते दर आठवड्याला यायला लागले.

त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. आम्ही बसतो, ते बैसायचे. शब्द जुने मराठी आणि सूर तमिळ. माझं मराठी ऐकून त्यांना वेगळंच वाटायचं. "भांडतोस की बोलतोस रे?" असं विचारायचे.

जुन्या जाहिराती त्यांना तोंडपाठ होत्या आणि त्या ते कीर्तनकाराच्या थाटात म्हणून दाखवायचे. एकच गोळी मेंदूची दुर्बळता, गळणारे केस आणि परीक्षेतलं अपयश या तिन्हींवर चालायची. 'गुण न आल्यास पैसे परत' लिहिणारा त्यांच्या मते सगळ्यांत हुशार. ज्याला गुणच आला नाही तो पैसे मागायला येतो कुठून, असं म्हणून ते स्वतःच खोकेपर्यंत हसायचे.

आजोबांबद्दल बोलताना मात्र हसत नसत. ते पत्र आजोबांनी खरंच लिहिलं होतं. पहिल्या बाटलीनं छाती मोकळी झाली, झोप लागली आणि भल्या माणसानं आनंदाच्या भरात आभार कळवले. नंतरच्या बाटल्यांनी काही झालं नाही, आणि वर्षाच्या आत ते गेले. जाहिरात चालूच राहिली. आजीनं साप्ताहिकाला कळवलं की ते वारले, आता छापू नका. उत्तर आलं नाही. मास्तर बरे झाले म्हणून गल्लीतल्या लोकांनी तीच बाटली मागवली होती. समोरच्या घरची सून वैद्य सोडून त्या बाटलीवर राहिली आणि गेली. त्या घरानं आजोबांच्या श्राद्धाला जेवायला यायचं बंद केलं. तरी आजी दरवर्षी त्या घरचं पान मांडायची आणि दाराकडे बघत राहायची. राव लहानपणी त्या मोकळ्या पानाशेजारी जेवायला बसलेले होते.

त्यांना पैसा नको होता, माफी नको होती. त्याच साप्ताहिकात दोन ओळी हव्या होत्या: या जाहिरातीतले गृहस्थ बरे झाले नाहीत. ते त्याच रोगानं वारले.

मी फ्रेममधलं पान काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, एवढंच ना, चला. संपादकाच्या खोलीत एक तरुण बाई होत्या. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, रावांचं सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाल्या: जुन्या जाहिराती लोकांना गंमत म्हणून आवडतात. चूक झाली असती तर दुरुस्ती छापली असती, पण आम्ही जाहिरात होती तशीच छापली, मग चूक कुठली? मी टेबलावर हात आपटला. तेव्हा त्यांनी आम्हाला खाली जाहिरात विभागात पाठवलं.

तिथे मी माझ्या गावात आल्यासारखा होतो. श्रद्धांजलीच्या रकान्यात चौकट मिळत होती. मी दर असा खाली आणला की समोरच्या माणसानं चष्मा काढून पुसला. मी फुशारत बाहेर आलो. राव जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"खोटे छापायला औषधवाल्याने पैसे दिले," ते म्हणाले. "आता खरे छापायला मी दिले, तर तीही जाहिरातच झाली की."

मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. एवढा भाव पाडून आणला आणि हे नको म्हणतात. त्यांनी नुसती मूठ हलवली.

मग त्यांनी संपादकांना छोटं पत्र लिहिलं. बाई बघते म्हणाल्या. अंक निघाला की राव तो तांबरम स्टेशनवर विकत घ्यायचे, गाडीत उघडायचे नाहीत, तसाच आणून माझ्या काउंटरवर पसरायचे. चष्मा पानावरून वरून खाली जायचा. मग अंकाची घडी करून "पुढल्या वेळी" म्हणायचे आणि काचा गुंडाळायला मला देऊन टाकायचे. माझं इंग्रजी कामापुरतं. तरी मी सकाळीच एक अंक घेऊन पाहू लागलो. त्यांचं पत्र नाही असं दिसलं की ते यायच्या वेळेला डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, जास्त घातलेली कडक कॉफी मागवून ठेवायचो. ते यायचे, कॉफीकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, आणि अंक उघडायच्या आधी कॉफी प्यायचे. त्यांना कळत होतं. तरी अंक उघडायचेच.

एका आठवड्याला ते आले नाहीत. कॉफी गार झाली. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला.

त्यानंतरच्या एका अंकात ते आले. फोटोसकट आले. आम्ही ऑफिसात गेलो होतो तेव्हा कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो, हातात कॅलेंडरचं पान. मजकूर असा: आमचे निष्ठावंत वाचक निवर्तले. आमच्या अंकातल्या जाहिरातीमुळे त्यांच्या आजोबांचा दमा बरा झाला होता. ही आठवण सांगायला ते अभिमानानं आमच्या कार्यालयात आले होते.

मी दुकान उघडं टाकून तिथे गेलो. त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. नव्या माणसानं सांगितलं की आदरानंच लिहिलंय सार, आणि हवी तर एक चौकट सवलतीत देतो. मी त्याला म्हटलं, भाव करायला आलेलो नाही. हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं.

मला तो मजकूर लिहिणाऱ्याचं नाव हवं आहे. त्यानं तांबरमला जावं, रावांच्या घरी बसावं आणि त्यांच्या सुनेला समोरासमोर सांगावं, की आजोबा बरे झाले हे मला अमक्यानं सांगितलं. कुणी सांगितलं? रावांनी तर, साप्ताहिकवाल्यांनो, तुमच्याच टेबलासमोर उभं राहून उलट सांगितलं होतं, आणि लिहूनही दिलं होतं. ते ऐकलं कुणी, पत्र फेकलं कुणी आणि हे छापलं कुणी? बोला.