झाकण उघडायच्या आधी

आमच्या मालकायले, दिवाकररावले, भेव वाटलं का ते नियम काढतात. अख्खी नोकरी दुर्ग लाईनवर रेल्वेच्या रुळावर काढली. लाल झेंडी दिसली का थांबायचं, एवढंच डोक्यात बसलं. रिटायर होऊन दुर्गजवळच रुआबांध्यात घर बांधलं, तरी माणूस अजून थांबूनच आहे. बाप्पा, किती थांबावं माणसानं!

आमचं चर्च म्हणजे काही मोठी इमारत नाही, पत्र्याचा हॉल आहे. नागपूरकडून रेल्वेपायी आलेली आमच्यासारखी मराठी घरं, थोडे छत्तीसगढी लोक, बस. गेल्या वर्षी कोणीतरी बोंब उठवली, का इथं लालूच देऊन लोकांचा धर्म बदलवून राहिले. कोणाचा बदलवला, ते कोणी विचारलं नाही. शांतता राहावी म्हणून सरकारी ऑफिसातून हॉलले कुलूप लागलं. त्या हॉलचे पत्रे दिवाकररावनं स्वतः वर चढून ठोकले होते. पहिल्या रविवारी बंद दारापुढं उभे राहून लेकरासारखे रडले. तवापासून ते ऑफिसच्या पायऱ्या झिजवून राहिले होते, आन् आमची प्रार्थना कोणाच्या तरी पडवीत, गाणं न म्हणता.

शेवटी कुलपाच्या सुनावणीचा सोमवार ठरला. आमचे वकीलसाहेब म्हणले, "तोपर्यंत तुमचं नाव निघेल असं काही करू नका." झालं! माकडाच्या हाती कोलीत.

त्याच आठवड्यात शिवनाथ नदी फुगली आन् काठावरच्या एका गावात पाणी शिरलं. लोकं शाळेत येऊन बसले. आता पूर असो, आग असो, आमची मंडळी चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवते, ही जुनी रीत. सिंधुताई आमच्या चुलीची मुखत्यार. तिनं खिचडीची तयारी केली, सिविक सेंटरच्या बाजारातून ताडपत्र्या आणल्या. आन् आमच्या साहेबांनी नियम काढले. बॅनर नाही. क्रूस दिसायचा नाही. सिंधुताईनं गळ्यातला पोलक्यात टाकायचा. "जय मसीह की" कोणी म्हणायचं नाही. प्रार्थना करायचीच तर मनात.

मी म्हणलं, "अजी, आपण खिचडी वाढायले चाललो का घरफोडी करायले?"

"गीता, सोमवारी सुनावणी आहे. तुले समजत कावून नाही?"

समजत होतं ना! पण ज्या गोष्टीत काही पाप नाही ती लपवत फिरायचं, याचा संताप येत होता.

शाळेत पोचलो. लोकं ओल्या अंगानं ताटं घेऊन बसलेले. आता आमच्या लोकायची एक खोड आहे. गंजाचं झाकण प्रार्थनेशिवाय हातून उघडतच नाही. लहानपणी आईनं तसंच वळण लावलं, आता ते मेल्यावरच सुटायचं. सिंधुताईनं झाकणाले हात लावला आन् आम्ही सगळेच उभ्या जागी डोळे मिटून, मान घालून, ओठ हलवत राहिलो. आवाज नाही. नियम होता ना! त्यात सिंधुताईची प्रार्थना म्हणजे पॅसेंजर गाडी, हरेक स्टेशनावर थांबते.

मी डोळे उघडले तर सगळी शाळा आमच्याकडं पाहून राहिलेली. पुढं बसलेल्या म्हातारीनं नातवाच्या हातातलं ताट हिसकलं आन् सिंधुताईले विचारलं, "का मंतर मारत हस ओ?"

घ्या! इकडच्या खेड्यायमध्ये टोनहीचं लई भेव. टोनही म्हणजे अन्नावर मंतर टाकून घरंच्या घरं आजारी पाडणारी बाई. धर्म लपवायले गेलो आन् चेटकीण ठरलो! सिंधुताईचं तोंड उतरलं, डोळ्यात पाणी आलं. एकही ताट पुढं येईना. तो नातू भुकेनं हमसून हमसून रडून राहिला होता, म्हातारी त्याचा हात धरून मागं ओढत होती. तेवढ्यात मागून एकानं मोबाईल वर धरला आन् शूटिंग सुरू केली.

मी दिवाकररावच्या कानात म्हणलं, "सांगा ना त्यायले आपण काय म्हणलं ते!"

ते मोबाईलकडं पाहून राहिले.

"तिकडं काय पाहता? ते लेकरू पाहा!"

मंग त्यायनं घसा खाकरला. "हम चर्चवाले हैं," ते बोलले. "खाने से पहले भगवान को धन्यवाद बोलते हैं. मन में बोला था, अब ज़ोर से बोलता हूँ, सुन लो." आन् मोठ्यानं म्हणलं, का देवा, हे अन्न दिलंस, तुझे आभार; ज्यानं पिकवलं आन् जिनं शिजवलं त्यायचं भलं कर; या गावातलं पाणी उतरू दे. आमेन. "किसी को कुछ बदलना नहीं है. मन हो तो खाओ."

म्हातारी म्हणली, "बस, अतकेच?"

"बस, इतना ही."

"त ज़ोर से कावर नइ बोले?"

मी तर टाळीच वाजवणार होते. सकाळपासून मी दुसरं काय विचारून राहिले होते? म्हातारीनं ताट पुढं केलं, मंग सगळ्यायनं केलं. गंज खरवडून निघाला.

पण तो व्हिडिओ! दुसऱ्याच दिवशी कॅम्प-१ वस्तीतल्या माझ्या भावाच्या मोबाईलवर आला. म्हातारी नाही, लेकरू नाही, तिचा सवाल नाही. फक्त प्रार्थना, आन् खाली लिहिलेलं, पुराच्या नावाखाली धर्मप्रचार. वकीलसाहेब म्हणले, "माणूस पाठमोरा आहे. मी नाही म्हणून सांगा, बात खतम." मलेही तेच वाटलं. हॉल पाहिजे होता मले. रात्रभर दिवाकररावले समजावलं, 'नाही' एवढा एकच शब्द बोला.

सोमवारी सुनावणीत ऑफिसातल्या साहेबांनी मोबाईल पुढं केला. "हे तुम्ही आहात का?"

"हो साहेब, मीच."

बस. कुलूप तसंच राहिलं, पुढची तारीख दिवाळीनंतरची.

बाहेर स्कूटर स्टँडवर माझा तोल सुटला. लोकं पाहत होते, तरी मी ओरडलेच. "जन्मभर भीत राहिले! गळ्यातला क्रूस पोलक्यात लपवायले लावला! आन् आज, आज एक 'नाही' नाही निघालं तोंडातून?"

दिवाकररावनं रुमालानं स्कूटरची सीट पुसली. "अवं, खोटं बोलून कुलूप उघडलं असतं," ते म्हणले, "तर आत जाऊन देवाले काय सांगतलं असतं?"

"चला आता, इथं तरी थांबू नका!" म्हणत मी मागं बसले.