शरणम्माची ओली भिंत

शरणम्माची भिंत सोलापूरच्या पाणीटंचाईवर उभी आहे, असं गल्लीतले लोक हसत सांगायचे. ते खोटंही नव्हतं. शेजारच्या अभिमन्यूच्या बाथरूमचा सांडपाण्याचा पाइप जमिनीखाली फुटला होता आणि पाणी तिच्या दगडमातीच्या भिंतीत मुरत होतं. नळ चार-पाच दिवसांनी यायचा, मधल्या दिवसांत भिंत जरा दम खायची.

मैंदर्गीची ही बाई नवरा गेल्यापासून कडक भाकरी विकून जगत होती. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, चुलीभोवती उभी करून पापडासारखी वाळवायची आणि भिंतीलगतच्या फळीवर चळत रचायची. पण ओल आली तशी भाकरी चिवट व्हायला लागली, वर पांढरी बुरशी. एका खानावळवाल्यानं सगळा माल परत पाठवला. सोबत निरोप, की आमची गिऱ्हाइकं दातानं खातात, कात्रीनं नाही.

ती अभिमन्यूकडं गेली. तो उर्मट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं चूक लगेच कबूल केली. पण पाइप बदलायचा तर बाथरूम फोडायला हवं, आणि घरात त्याची आई बजाबाई अंथरुणाला खिळलेली. तिला रोज उचलून नेऊन धुवावं लागे.

"मावशी, आईला कुटं धुऊ, तुमीच सांगा की."

शरणम्मा तशीच परतली. तोंडाचं बोळकं झाल्यापासून बजाबाई तिचीच भाकरी आमटीत भिजवून खात होती. शेवटी गल्लीतल्या जाणत्यांनी तोडगा काढला: म्हातारीचं बरंवाईट झालं की लगेच काम काढायचं. म्हणजे भिंत वाचवायची तर शेजारीण कधी जाते याची वाट बघायची. शरणम्मानं मान डोलावली. त्या डोलावण्याची लाज तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

थंडी सरता सरता बजाबाई गेली. मंद्रूपहून सगळं गणगोत आलं. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात शिरता येत नाही, आणि नळाला तर पाणी नाही. तेव्हा निवडणुकीवर डोळा असलेल्या एका कार्यकर्त्यानं टँकर आणून उभा केला. एरवी हातापाया पडूनही न येणारा टँकर त्या दिवशी न मागता आला. माणसं एकामागून एक बाथरूममध्ये शिरत राहिली.

इकडं शरणम्मा भाकरी थापत होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण द्यायचं. पाठीमागच्या भिंतीतून पाणी झिरपून फरशीवर आलं. उठून सांगावं असं वाटलं तिला. पण प्रेत पोचवून आलेल्यांना आंघोळ करू नका, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं पिठाचा पुढचा उंडा घेतला.

टोपली घेऊन ती त्यांच्या दारात पोचली आणि मागं भिंत बसली. चूल, फळी, चळती, सगळं मातीखाली. बजाबाईनंच वाचवलं बघ, असं कुणीतरी म्हणालं.

डोकं भादरलेला अभिमन्यू ओल्या पंच्यानं तसाच धावत आला.

"मावशी, उद्याच बाथरूम फोडतो."

"आता कशाला?" ती म्हणाली. "पावणे हायत अजून. लागंल की."

सकाळी तिनं पडलेल्या भिंतीचे तीन दगड उघड्यावर मांडले आणि तवा ठेवला. वाऱ्यात ऊब टिकेना, भाकरी मऊच राहिली. मऊ भाकरी कुठलीच खानावळ घेत नाही. सगळ्या तिनं अभिमन्यूच्या घरी पोचवल्या. तिथं अजून चूल पेटली नव्हती.