माया कापलेला ब्लाउज

टेकडी चढली की वजन उतरतं, हे खरं आहे. ते उतरलेलं राहत नाही, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची मी आठवली की तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. दर रविवारी खारघरची टेकडी चढून बाईसाहेब चांगल्या बारीक झाल्या होत्या. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट दार उघडून उभी असली तरी ही जिन्याने जाणार, तेही कुणी बघतंय ना याची खात्री करून. एके दिवशी तिने सगळे ब्लाउज शिंप्याकडे नेले आणि आतली माया कापून टाकायला लावली. माया म्हणजे शिवणीत दुमडलेलं जास्तीचं कापड, अंग भरलं तर उसवायची सोय. त्यात पैठणीचा, तिच्याच कापडातला ब्लाउजही गेला. सून म्हणाली, "आई, पैठणीची तरी राहू द्या." तर ही शहाणी म्हणते, "ठेवली तर वजनाला वाटेल, मी त्याची वाट बघतेय."

वजनाला आमंत्रण लागत नाही. ते आलं, आणि मी टेकडी एकदाही चुकवली नसताना आलं, याचाच संताप होतो. वर पोचलं की चादर अंथरून डबे उघडायचे, हा आमच्या बायकांचा रिवाज. बोनकोड्याची मैत्रीण हातावर तांदळाची भाकरी नि जवळ्याची चटणी ठेवते. "खा गो बाय, उतरताना सगला जिरल." उतरताना माझे फक्त गुडघे झिजतात.

अशात नातीचा साखरपुडा ठरला. ती गळ्यात पडून म्हणाली, "आजी, आजोबांनी घेतलेली पैठणीच नेस हं. ते नाहीत, ती तरी असू दे."

ब्लाउज घालून पाहिला, तर पाठीवरचे हूक आणि काज एकमेकांची तोंडं बघेनात. साखर सोडली, रात्रीचा भात सोडला. टेकडीवर डबा टाळायला सांगितलं की माझा रविवारचा उपवास सुरू झालाय. पुढच्या रविवारी सगळ्याजणी प्रेमाने उपवासाचं घेऊन आल्या. साबुदाणावडे, शेंगदाण्याची आमटी, वर तुपातला शिरा शिंगाड्याचा. आता उपवास आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

साखरपुड्याला सुनेने पाठीला पिना लावल्या आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. व्याहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "असा पदर आता कोण घेतं हो!" मी नम्रपणे मान खाली घातली. वर करायची सोयच नव्हती. नात पाया पडून बिलगली तशी एक पीन टचकन पाठीत घुसली. तरी मी तिला सोडलं नाही. पदराला गाल लावून उभी होती पोर.

जिलेबी मात्र समोरून परत गेली.

लग्नासाठी नवा ब्लाउज टाकलाय. माया चार बोटं ठेवायला सांगितली आहे. सून फक्त हसली. रविवारी टेकडी आहेच, आणि तो मेला उपवासही.