ड्युटीनंतरचा वर्ग

भोरच्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. नोकरी सांभाळून पदवी करणाऱ्या सिस्टरांचा वर्ग माझ्याकडे आहे. त्यातल्या वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या दोघींना भोरला येणं जमेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच तिकडं जायला लागले. नसरापूरला एसटी बदलायची, भरलेली असली तर उभ्यानं जायचं. पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

रुग्णालयातल्या लसीकरणाच्या खोलीत आमचा वर्ग भरे. दोघी ड्युटी संपवून येत. त्यातली मार्गासनी गावची डोळा लागू नये म्हणून भिंतीला टेकून उभी राहायची. एकदा हृदयाचे आजार शिकवत होते आणि ती उभ्याउभ्याच झोपली. दुसरी तिला हलवायला उठली. मी म्हटलं, "राहू दे." मग पुस्तक मिटून मीही खुर्चीत मान टेकली. मलाही बरंच वाटलं.

भातलावणीच्या दिवसांत त्या मार्गासनीच्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, माझं नाव काढा. मला न्हाई जमत." त्या आठवड्यात ती वर्गाला आलीच नाही. परतताना मी मार्गासनीला उतरून तिच्या घरी गेले. ती भाताच्या खाचरात होती. ओट्यावर तिच्या सासूबाई, तिच्या 'आत्या', बसल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार, पायाची जखम कापडानं बांधलेली.

"तुमीच व्हय त्या भोरच्या बाई? मग सांगा, रातपाळी करून आली की लावणीला जाती, सांजच्याला भाकऱ्या. तुमचा अभ्यास तिनं करायचा कवा?"

आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी त्यांनी दिलेला चहा प्यायले.

तेवढ्यात ती चिखलाच्या पायांनी आली, मला पाहिलं आणि रडू लागली. मी म्हटलं, "वाचू नकोस. नुसतं ऐकशील?"

मग मी धडे मोबाईलवर बोलून पाठवू लागले. स्वयंपाकघराचं दार लावून, घसा बसेपर्यंत. ती भाकऱ्या थापताना ऐकायची. मधुमेहाचा धडा पाठवला आणि तिच्या फोनवरून सासूबाईच बोलल्या. "बाई, त्या पायाच्या जखमंचं पुन्हा सांगा. मोबाईल लई भराभरा बोलतोय." दुसऱ्या दिवशी त्या मलमपट्टीला रुग्णालयात गेल्या. सून कधीपासून मागे लागली होती, तेव्हा ऐकलं नव्हतं.

परीक्षेच्या आठवड्यात तिच्या रातपाळ्या इनचार्ज सिस्टरनं घेतल्या, चूल सासूबाईंनी. निकालाच्या दिवशी ती म्हणाली, "सगळे विषय सुटले, मॅडम. संख्याशास्त्र तेवढं राहिलं. आत्या म्हणतात, परत बस."

"बसूया की," मी म्हटलं आणि फोन ठेवून आडवी झाले. आकड्यांचे तक्ते बोलून कसे समजावायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.