आधी वाचून दाखवायचं

पोलादपूरच्या घरी फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. पलीकडे महाडहून सुमनवहिनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग, बहुधा मलाच सावरायला, "सकाळचा चहा घेतला होता त्यांनी." अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे... गजाभाऊला जाऊन आता महिना होत आला. हाताला दुसरं काही सुचत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

गजाभाऊ माझा शाळासोबती. महाडच्या बाजारपेठेत त्याचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि इतिहासाची पुस्तकं काढून ते रिकामं करायचं, असा त्याचा धंदा. गडाबद्दल लिहायला पुष्कळ लोक आहेत म्हणायचा. त्याला गडाखालच्या वाड्या-वस्त्यांचा इतिहास हवा होता. नव्वदच्या सुमाराला आमच्या भागातल्या आमदारांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या साहेबांनी, त्याला भाषणं लिहायला आणि पत्रव्यवहार पाहायला जवळ केलं. दाराशी जीपचा हॉर्न वाजला की हा दारामागच्या खुंटीवरचा पांढरा शर्ट अंगात चढवायचा आणि बटणं लावत लावतच जीपमध्ये बसायचा. "मुंडावळ्या राहिल्या रे," मी चिडवायचो. त्याचं साहेबांवर मनापासून प्रेम होतं. साहेबही दौऱ्यात त्याला शेजारी बसवायचे, जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्याची एक पद्धत होती. ज्या गावाबद्दल लिहिलं, त्या गावाच्या देवळात बसून ते आधी वाचून दाखवायचं, मगच छापायचं. प्रुफं तपासणारा म्हणून मीही सोबत असायचो. लोक जांभया द्यायचे, हसायचे, एखाद्या आज्याचं नाव दुरुस्त करायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "आता छापा." वाड्यांच्या पुस्तकाच्या वेळी आम्ही वरंधच्या बाजूला एका वाडीत गेलो. ते पुस्तक साहेबांच्याच मदतीने निघत होतं, आणि वाडीतलं पाण्याचं टाकं साहेबांच्या पणजोबांनी बांधलं, ही माहिती त्यांच्याच घरून आली होती. ती ओळ वाचली तशी एक म्हातारी म्हणाली, "नाय रे बाबा. टाकं आमच्या आज्यांनी खणलंय. त्यांचा पणजा आला तो पानी लागल्यावर, नारळ फोडायला." बाकीचे साहेबांचं नाव आल्यामुळे गप्प होते, पण ती चुकते असंही कुणी म्हणेना. गजाभाऊने शेजारच्या वाड्यांत चौकशी केली. तिथेही तेच ऐकायला मिळालं.

साहेब चिडले नाहीत. छापखान्यात येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "गजाभाऊ, एका ओळीनं असं काय बिघडतं?"

गजाभाऊ शाईचे हात पुसत म्हणाला, "साहेब, ती ओळ मी त्या लोकांसमोर वाचलीय. तशीच छापली तर पुन्हा कुठल्या वाडीत तोंड दाखवू?"

पुस्तक त्या ओळीशिवाय निघालं. प्रकाशनाला साहेब आले नाहीत, आणि त्यांची जीपही पुन्हा कधी त्याच्या दाराशी थांबली नाही. गजाभाऊने त्याबद्दल माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही. मी विचारलंही नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर, वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी, त्याच्याच पद्धतीने मी महाडला गेलो आणि वहिनींना वाचून दाखवलं. साहेब तुटल्याचं गजाभाऊला कधी वाईट वाटलं नाही, असं एक वाक्य मी शेवटी घातलं होतं. वहिनी तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या वाक्यापाशी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तेवढं खरं नाही, भाऊजी. रस्त्यानं जीप आली की हे उठायचे. शर्ट चढवायचे. ती पुढं निघून गेली की काढून पुन्हा खुंटीला लावायचे... शेवटपर्यंत."

मी ते वाक्य तिथेच खोडलं. वहिनींनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "आता छापा," त्या म्हणाल्या. दारामागे खुंटीवर तो शर्ट होता, इस्त्री केलेला.